तांब्यामागचा हात

गाडी दारात थांबली, आणि ऋतिका उतरली ती तोंडावरचा मास्क ओढून काढत थेट अंगणात गुडघ्यांवरच बसली. दोन्ही हात पसरून, जवळजवळ दोन वर्षं जे नाव तिनं मोबाईलच्या काचेवर बोट फिरवत घेतलं होतं, ते नाव तिनं आता मोकळ्या हवेत घेतलं... आरोही!

साडेचार वर्षांची आरोही उंबऱ्यात उभी होती. नवा फ्रॉक, दोन शेंड्या, डोळ्यांत काजळ. समोरच्या बाईकडं तिनं नीट निरखून पाहिलं. चेहरा ओळखीचा होता, पण त्याला हात होते, पाय होते, आणि तो रडत होता. पोर गर्रकन वळली आणि अनुराधाच्या पदराआड शिरली.

पसरलेले हात तसेच राहिले. पाठीमागं अतुल बॅगा उतरवत होता, त्यानं मान वर केली नाही. ऋतिका हळूहळू उठली, गुडघे झटकले आणि थोरल्या जावेकडं बघून म्हणाली,

"झालं ना तुमच्या मनासारखं, आक्का?"

अनुराधानं उत्तर दिलं नाही. उत्तर तिच्याजवळ होतं, गेले नऊ-दहा महिने होतं. पण ते तिनं गिळलं होतं, आणि का गिळलं होतं ते सांगायचं तर गोष्ट मुळापासूनच सांगायला हवी.

अकोळ हे निपाणीला लागून असलेलं गाव. तिथल्या या घरात दोन भाऊ. थोरला गोमटेश तंबाखू आणि ऊस बघणारा, अबोल. धाकटा अतुल इंजिनिअर. आधी बेळगावजवळच्या मच्छेच्या एका कारखान्यात होता, तिथून मेलबर्नला गेला आणि बायको-लेकीला घेऊन तिकडंच राहिला. गोमटेशच्या अनुराधाला मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे, आणि न बोलण्याचंही एक ओझं असतं ते ती मुकाट्यानं वाहत होती. कोरोनाच्या आधीच्या जानेवारीत अतुल आणि ऋतिका आले, आणि तिकडं घर बदलायचंय, ऋतिकाची नोकरी नवी आहे म्हणून अडीच वर्षांच्या आरोहीला इथंच ठेवून गेले. उन्हाळ्यात आज्जी, म्हणजे या दोघा भावांची आई तारामतीबाई, नातीला घेऊन जाणार होत्या. दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न, असं सगळेच म्हणाले.

आणि मार्चमध्ये जगाला कुलूप लागलं. अतुलचा व्हिसा नोकरीवरचा. त्या देशातून बाहेर पडायला कुणाची ना नव्हती, पण बाहेर पडलं की परत आत घेत नव्हते; आणि पोरीला आत घ्यायचं तर खास परवानगी हवी. ती मागितली की नकार यायचा, पुन्हा मागितली की पुन्हा नकार. गावात लोक म्हणायचे, एवढा जीव आहे पोरीवर तर नोकरी सोडून यावं की! बोलायला काय जातंय? मच्छेची जागा केव्हाच दुसऱ्यानं धरली होती, आणि दर महिन्याला बातमी यायची की पुढच्या महिन्यात उघडणार. पुढच्या महिन्याच्या आशेवर माणूस वर्ष काढतो.

जैनाचं घर, त्यामुळं दिवस बुडायच्या आत जेवणं उरकायची. ती वेळ तिकडं जवळजवळ मध्यरात्रीची. ऋतिका कामावरून येऊन, डोळ्यांत झोप घेऊन, त्या वेळेपर्यंत जागी राहायची; लेक जेवताना तरी दिसावी म्हणून. अनुराधानं एक युक्ती केली होती. पाण्याच्या तांब्याला टेकवून मोबाईल उभा करायचा, आरोहीला त्याच्यासमोर बसवायचं आणि आपण तांब्यामागं बसायचं. मोबाईलच्या आडून फक्त हात पुढं करायचा. पोरीला समोर आईचा चेहरा दिसायचा, आणि त्याच्याच बाजूनं घास यायचा. ऋतिका तिकडून "आ कर" म्हणायची, इकडं दूध-भाकरीचा घास तोंडात जायचा. पोरीला वाटावं, आईच भरवतेय.

अनुराधाचं तोंड म्हणून त्या काचेत कधी दिसलं नाही. गावात सगळी पोरं थोरल्या चुलतीला मोठी आई म्हणतात. तिनं आरोहीला काकू म्हणायला शिकवलं. या घरात पोरीला आई एकच असावी, ती फोनात का असेना, असं तिला वाटायचं. रात्री पोर कुशीत झोपली की मग मात्र ती पोरीच्या केसांचा वास घ्यायची आणि हे आपलं नव्हे, आपलं नव्हे, असं स्वतःला बजावायची.

दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये परवानगी आली. सांगलीचं एक ओळखीचं कुटुंब तिकडं परत चाललं होतं, त्यांच्यासोबत आरोहीला पाठवायचं ठरलं. अनुराधानं बॅग भरली. वरच्या बाजूला पोरीची बाहुली ठेवली, बाजूला चिवड्याचा डबा ठेवला, आणि घरामागच्या परड्यात जाऊन मनसोक्त रडून आली.

जायच्या आदल्या दिवशी अतुलचा फोन आला, तिच्या एकटीच्या फोनवर. आवाज ओळखू येत नव्हता. त्याची नोकरी गेली होती. दोन महिन्यांत दुसरी मिळाली नाही तर व्हिसा जाणार, देश सोडावा लागणार. पण विमानंच धड नाहीत तर सोडून जायचं कसं? तशात पोर तिकडं येऊन अडकली तर तिघांनी कुठं जायचं? ऋतिका तर त्याच महिन्यात दोनदा कामावर चक्कर येऊन पडली होती. नोकरीचं कळलं तर ती तग धरणार नाही, असं तो पुन्हापुन्हा सांगत होता.

"वैनी, तुम्हीच न्हाय म्हणा," तो म्हणाला. "पोरीला अनोळखी माणसांबरं धाडायला धीर हुईना म्हणा. माझं नाव नको. नियम घ्या वैनी, ऋतिकाला सांगणार न्हाय म्हणून."

तो याच घरात वाढलेला. साधं वचन माणूस विसरतो, पण या घरातली बाई नियम घेते तेव्हा तो जिवापलीकडं पाळते, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. अनुराधा मंदिरात गेली, हात जोडले, नियम घेतला. घरी येऊन फोनवर ऋतिकाला म्हणाली की मी पोरीला पाठवत नाही.

पलीकडं काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही. पण दहा-बारा दिवसांत तिकडच्या सरकारनं भारतातून येणारी विमानंच बंद केली, आणि आता पुन्हा कधी, हे कुणी सांगेना. मग तर दोष अनुराधाच्या कपाळी कायमचा कोरला गेला. तारामतीबाई उठता-बसता बोलायच्या, वांझेला लेकराची किंमत कळली पण आईची न्हाय कळली. गोमटेशनं एकदाच विचारलं, खरंच धीर झाला न्हाय का? ती व्हय म्हणाली. त्यानं विश्वास ठेवला, आणि तिला सगळ्यांत जास्त लागलं ते तेच.

एक गोष्ट मात्र तिनं कुणालाच सांगितली नव्हती. त्या संध्याकाळी बॅग उपसताना, पोरीचे फ्रॉक परत कपाटात लावताना, तिच्या मनाला आनंद झाला होता. क्षणभरच... पण झाला होता. बाहुली हातात घेऊन ती हसलीसुद्धा होती. त्या हसण्याची तिला इतकी शरम वाटली की नंतर लोकांचे बोल खाताना तिला वाटायचं, चाललंय ते अगदीच खोटं नाही.

ज्येष्ठात अतुलला दुसरी नोकरी लागली. आता सांगा भावजी, असं तिनं त्याला एकदा म्हणून पाहिलं. तो म्हणाला, थांबा वैनी, ती आत्ता कुठं सावरतेय. पुरुषाला लाज वाटायला लागली की ती लाज तो सहसा बाईच्या पदरात बांधतो.

भाद्रपदात पर्युषण संपलं आणि क्षमावाणीचा दिवस आला. त्या दिवशी लहान-थोर, शेजारी-पाजारी, सगळे एकमेकांपुढं हात जोडतात आणि वर्षाचं मागचं धुऊन टाकतात; हाडवैरीसुद्धा त्या दिवशी नाही म्हणत नाही. अनुराधानं ऋतिकाला फोन केला. माझ्याकडून काही चुकलं असेल तर क्षमा कर, म्हणाली. हे ती त्या नियमासाठी मागत नव्हती, त्या हसण्यासाठी मागत होती. पण ते ऋतिकाला कसं कळावं?

"आज सगळ्यांना क्षमा आहे, आक्का," पलीकडून सावकाश उत्तर आलं. "फक्त तुम्हाला नाही जमणार."

फोन बंद झाला. त्याच दिवशी संध्याकाळी ठरल्या वेळेला तो पुन्हा वाजला, तांब्याला टेकला, आणि त्याच्याआडून नेहमीसारखा घास पुढं झाला. भरवणाऱ्या हाताशी ऋतिका एक शब्दही बोलली नाही.

आणि आता दारं उघडली होती, येऊन परत जायची मुभा मिळाली होती, आणि नवरा-बायको आले होते. समुद्र ओलांडून सुखरूप आलेली माणसं पुण्याहून येताना राज्याच्या सीमेवर, कोगनोळीच्या नाक्यावर, कोरोना चाचणीच्या कागदासाठी तासभर अडकली, त्यावर गोमटेशनं काही तरी थट्टा केली. पण घरात कुणी हसलं नाही.

ऊन उतरायला लागलं तशी पानं मांडली. आज मी भरवणार, म्हणून ऋतिका ताट घेऊन आरोहीसमोर बसली. दूध-भाकरी कुस्करली, घास केला, "आ कर" म्हणाली. पोरीनं ओठ घट्ट मिटले. बाहुली दाखवली, चॉकलेट दाखवलं, कौतुकानं आणलेला झगमगता बूट दाखवला. पोर रडायला लागली आणि काकू, काकू म्हणून हात पसरून मागं बघायला लागली.

ऋतिकाच्या हातातला घास ताटात पडला.

"माझं लेकरू तोडलंत तुम्ही माझ्यापासून," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, चिरला होता. "मी मध्यरात्रीपर्यंत जागत होते, आणि तुम्ही मला तोंडसुद्धा दाखवत नव्हता. कसं दाखवणार? मन खात असंल तुमचं."

तारामतीबाई म्हणाल्या, आता तरी बोल की गं. अतुल दाराच्या चौकटीला धरून उभा होता. अनुराधानं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पदर खोचला, पुढं झाली आणि ऋतिकाला खांद्याला धरून जरा पुढं, रोज जिथं तांब्या असायचा अगदी तिथं, सरकवून बसवलं. स्वतः तिच्या पाठीमागं बसली. ताटातून घास उचलला आणि ऋतिकाच्या गालाजवळून हात पुढं केला.

"म्हण की, आ कर म्हण," ती मागून पुटपुटली.

"आ... कर," ऋतिका म्हणाली.

आरोहीचं रडं थांबलं. समोर आईचा चेहरा होता, त्याच्या बाजूनं हात आला होता, सगळं रोजच्यासारखंच होतं. तिनं आ केला. घास खाल्ला. मग डोळ्यांत पाणी तसंच असताना खुदकन हसली आणि म्हणाली, "आई, आज तू केवढी मोठी झालीस!"

ऋतिकानं गालाजवळचा तो हात पाहिला. चुलीच्या चटक्याचा डाग, दोन हिरव्या बांगड्या. जवळजवळ दोन वर्षं रोज तिनं हाच हात पाहिला होता, आणि त्या हाताचं तोंड का दिसत नाही हे तिला आता कळत होतं. पोरीला समोर फक्त आईच दिसावी म्हणून एक बाई रोज तांब्याआड बसत होती. असं करणारी बाई लेकरू अडवून का ठेवील?

"मग तुम्ही तिला पाठवलं का नाही, आक्का?" तिनं मागं न वळता विचारलं.

अनुराधा पुढचा घास करायला लागली.

"मी सांगितलं म्हणून," दारातून अतुल म्हणाला. गेलेली नोकरी, तो फोन, घ्यायला लावलेला नियम, सगळं त्यानं सांगितलं. लागलीच सांगितलं असतं तर ज्याला पाच मिनिटं लागली असती ते सांगायला त्याला आता घाम फुटला. तारामतीबाईंनी पदर तोंडाला लावला. आपण काय काय बोललो होतो ते त्यांना एकेक करून आठवत असावं. गोमटेश उठून बायकोच्या शेजारी नुसताच येऊन बसला.

ऋतिका नवऱ्याशी काही बोलली नाही. ते बोलणं पुढं पुष्कळ दिवस चाललं. तिनं मागं वळून अनुराधाच्या पायांकडं हात नेले. अनुराधानं ते वरच्या वर धरले.

"मला आनंद झालता गं, ती राहिली म्हणून," ती म्हणाली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिचे डोळे वाहायला लागले. "नियमाचं ऱ्हाऊ दे. त्या आनंदाची तेवढी क्षमा मला पायजेच."

"दिली," ऋतिका म्हणाली.

"मग आता भरव बघू. दिवस बुडतोय." अनुराधानं केलेला घास तिच्या हातात दिला, तो हात आपल्या हातानं धरला आणि पोरीच्या तोंडाशी नेला. तीन-चार घासांनंतर तिनं आपला हात काढून घेतला. आरोहीला ते समजलं नाही.

महिन्याभरानं आरोही आई-बापाबरोबर गेली. बॅग अनुराधानंच भरली. या खेपेला परड्यात जायची गरज पडली नाही, सगळ्यांसमोरच रडली. गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तारामतीबाईंनी सुनेचा हात धरून तिला आत आणलं आणि कधी नव्हे ते तिच्यासाठी स्वतः चहा ठेवला.

संध्याकाळी पानं मांडताना अनुराधानं सवयीनं तांब्या भरून जागेवर ठेवला, मग उचलून नेला.

आठवडाभरानं, भर दुपारी, ती चुलीपुढं भाकऱ्या थापत होती तेव्हा फोन वाजला. तिकडं संध्याकाळ होती. काचेत आरोही दिसली, समोर ताट घेऊन फुगून बसलेली. इथं जेवतच नाही म्हणून तक्रार करणारा ऋतिकाचा आवाज तेवढा ऐकू आला. ती स्वतः कुठं दिसेना. फोन कशाला तरी टेकवून ठेवला असावा, जरा तिरका होता.

"काकू!" पोर ओरडली.

आणि काचेच्या कडेनं एक हात पुढं आला. हातात दूध-भाकरीचा घास होता. हात तेवढा दिसत होता; माणूस कुठं तरी आडोशाला, मुद्दाम दिसू नये असं बसलं होतं.

अनुराधा चुलीपुढं तशीच बसून राहिली. पिठाचे हात तिनं पदराला पुसले, फोन तोंडासमोर धरला.

"आ कर," ती म्हणाली.

मेलबर्नमध्ये आरोहीनं आ केला.