क्वीनीचं थडगं

"नवऱ्याचं बियाणं चोरीला गेलंय," मार्था थर्टल म्हणाली, "आणि गाव म्हणतंय, चोर म्हणजे ईलाय, आमचा गडी."

तिचा नवरा जेबेझ नऊ वर्षं खपून बटाट्याचा नवा वाण तयार करून नोव्हेंबरात वारला होता. मार्चमध्ये व्यापारी कॉथॉर्न बियाणं न्यायला आला, तर कोठारात पोती रिकामी. संध्याकाळी फौजदार ईलायला नेणार होता.

हेस्बा टक्सफर्ड फेनच्या, म्हणजे इंग्लंडातल्या या दलदलीच्या मुलखाच्या, ओल्या मातीतली. अशी कोडी सोडवणं हा तिचा धंदा. सोबतीला ऑडलिंग, लंडनचा निवृत्त कारकून. माणूस भला, पण सगळं त्याच्या जरा उशिराच ध्यानात यायचं.

"जेबेझ शेवटी काय बोलले?" हेस्बाने विचारलं.

"तापात बरळत होते. 'क्वीनीला थंडी लागेल. थडग्यावर आणखी पेंढा घाल.' क्वीनी आमची लेक, घरातली छोटी राणी. पाच वर्षांची गेली, घटसर्पानं. हिवाळाभर चर्चमागे जाऊन पेंढा घालतेय मी. लोक हसतात, हसू देत."

ऑडलिंगला तिच्याकडे बघवेना.

अंगणात ईलाय उसळलाच. "मी चोर? यंदा पाच थडगी मी बांधली, बाई! सहावं मालकांनी एकट्यानं बांधलं. मला हात लावू दिला नाही."

"म्हणजे हा चर्चची थडगीही खणतो," ऑडलिंग कुजबुजला.

"खणतो नाही, ऑडलिंग. बांधतो म्हणाला तो."

मग तिने कॉथॉर्नला वाणाचं नाव विचारलं.

"म्हातारा सांगेना. म्हणे, नाव ठरलंय, पण बायकोलाही एवढ्यात कळायचं नाही."

हेस्बाने सगळ्यांना कोठारामागे नेलं. तिथे मातीच्या सहा लांबट राशी होत्या. पाचांवर पेंढ्याचा जाड थर होता, सहावी जवळजवळ उघडी.

"लंडनला थडगं एकाच प्रकारचं, ऑडलिंग. आम्ही बटाट्याच्या झाकलेल्या राशीलाही थडगंच म्हणतो. थर्टलबाईंना हे ठाऊक आहे, पण लेकीचं नाव कानावर पडलं आणि पुढचं त्यांना ऐकूच आलं नाही. जेबेझ बरळत नव्हते. वाणाचं नाव क्वीनी. पोती त्यांनीच रिकामी केली, या सहाव्यात."

ईलायने माती ओढली. वरचे बटाटे हिमाने काळे पडून सडले होते. तळाशी बादलीभर धड निघाले.

मार्था मातीतच बसली. "पेंढा घातला मी. भलत्याच जागी घातला."

ऑडलिंग उघड रडत होता.

कॉथॉर्न खाकरला. "बादलीभर पुरे, तीन वर्षांत वाढवू. पण 'क्वीनी' म्हटलं तर गिऱ्हाईक हसेल. राणीच्या राज्याभिषेकाचं वर्ष आहे. शेवटचा 'ई' गाळू. 'क्वीन'! देशभर लोकांच्या तोंडी बसेल."

"लोकांना वाटेल, राजवाड्यातल्या राणीचं नाव!" हेस्बा तडकली. "लाज वाटू द्या जरा."

मार्थाने तिचा हात धरला.

"लिहा, साहेब. तिला हाक मारणारे आम्ही दोघंच होतो. आता मी एकटी. माझ्यामागे कुणी अर्धं तरी नाव घेईल तिचं."