बिनरंगाचं पाणी

खिडकी चुकली म्हणून ती त्याला भेटली. जायचं होतं शेजारच्या भांडारात, हातमोजे आणायला. टकटक केली ती पाण्याच्या खोलीवर. आत तो एकटाच होता. संस्थेतल्या झाडून साऱ्या प्रयोगांच्या पेशी जे पोषक पाणी पिऊन जगतात ते बनवायचं, गाळायचं, बाटल्या भरून ज्याचं त्याला द्यायचं, हे त्याचं काम.

"हातमोजे मिळतील?"

"इथे फक्त जेवण मिळतं," तो म्हणाला. "तेही पेशींना."

ती हसली. मग फळीवर नजर टाकून म्हणाली, "म्हणजे माझ्या पेशींना हे फिकं पाणी पाजणारे तुम्हीच तर... आधीच्या प्रयोगशाळेत लाल असायचं. पेशी उपाशी राहिल्या की पिवळं पडायचं. दारातूनच कळायचं, कोण खुशीत आहे ते."

बस्स, एवढंच बोलली. दुसऱ्या दिवसापासून तिच्या बाटल्या लाल. कपाटात त्या रंगाची एक कुपी पडून होती. त्यातले थेंब मोजून मोजून त्याने घातले. तिने त्याचं नाव ठेवलं रंगारी. आणि रोज अकराला बाटली न्यायला ती स्वतः येऊ लागली. आता बाटली उचलायला असा कितीसा वेळ लागतो? यांना पाऊण तास लागायचा.

खिडकीच्या अलीकडे तो, पलीकडे ती. ती सांगायची — मेंदूत विचार करणाऱ्या पेशींचंच सगळीकडे कौतुक. पण त्यांना खाऊपिऊ घालणाऱ्या, त्यांचा केरकचरा काढणाऱ्या चांदणीच्या आकाराच्या पेशी वेगळ्याच. "घरात एक मावशी असते बघा. फोटोत कुठेच नसते, पण ती आजारी पडली की घर बसतं." त्या मावशी-पेशींच्या पोटातही चुली असतात, मायटोकॉन्ड्रिया. बाईच्या अंगातलं इस्ट्रोजेन कमी झालं की या चुली मंदावतात का, एवढंच तिला बघायचं होतं.

"एवढंच?" तो म्हणाला.

तिने बाटली कट्ट्यावर ठेवली. "माझी आई तीस वर्षं गणित शिकवायची. पाळी गेल्यापासून साधा शब्द आठवताना अडते... आणि सगळे म्हणतात, वय झालं. मला ते 'वय झालं' पटत नाही."

पण प्रयोग काही केल्या जमेना. अर्ध्या डिशांमध्ये इस्ट्रोजेन घातलेलं, अर्ध्यांत नाही. आणि चुली दोन्हीकडे सारख्याच पेटलेल्या. पाच महिने झाले. शेवटी तिच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी सांगून टाकलं — महिनाअखेर फरक दाखव, नाहीतर हा विषय बंद. त्या दिवशी ती खिडकीवर आली, बाटली घेतली आणि दोन मिनिटांत गेली.

आता प्रेमात पडलेला माणूस काय वाट्टेल ते वाचतो. तिच्याशी चार शब्द धड बोलता यावेत म्हणून हा पठ्ठ्या तिच्या विषयावरचे जुने लेख घरी नेऊन वाचायचा. निम्मं डोक्यावरून जायचं. अशाच एका लेखात, तळाच्या बारीक अक्षरांत, त्याला ती ओळ दिसली. पाण्यातला लाल रंग थोडाफार इस्ट्रोजेनसारखाच वागतो.

ज्या अर्ध्या डिशांत इस्ट्रोजेनचा टिपूसही नको, त्यांतही तो पाच महिने तेच ओतत होता, स्वतःच्या हाताने. गुपचूप बंद करावं? पण मग झाल्या गोष्टीचं कारण तिला कधीच कळलं नसतं. आणि सांगितलं, तर उद्यापासून अकरा वाजता खिडकीवर कोण येणार?

त्याने सांगितलं. लेख खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि बोट ठेवून ओळ दाखवली.

तिने दोनदा वाचली. "शिकताना वाचलं होतं मी हे," ती हळूच म्हणाली. "विसरले. काखेत कळसा अन्..." मग मान वर केली. "पण बाकीच्यांचं पाणी तर बिनरंगाचं येतं?"

"हो. रंग फक्त तुमच्याच बाटल्यांत घालत होतो."

"का?"

"तुम्हाला आवडतो म्हणून."

ती लेख घेऊन निघून गेली.

दुसऱ्या दिवशी अकराला शिपाई चिठ्ठी घेऊन आला — बिनरंगाच्या सहा बाटल्या. मग रोज शिपाईच. तीन आठवडे रंगाऱ्याने पाणी गाळलं, बाटल्या भरल्या, आणि पावलं वाजली की दरवेळी वेड्यासारखं खिडकीकडे बघितलं. जेवणाचा डबा मात्र तसाच परत जायचा.

महिनाअखेरीला खिडकी वाजलीच नाही. दार वाजलं.

ती आत आली. या दारातून ती कधीच आली नव्हती. "फरक आला," ती म्हणाली. "तीनदा करून बघितलं, तीनदा आला. इस्ट्रोजेन नसलं की चुली मंदावतात. मॅडमनी आणखी एक वर्ष दिलं." मग म्हणाली, "आईला फोन केला. म्हटलं, औषध नाही सापडलं अजून, पण कुठे शोधायचं ते दिसायला लागलंय. ती रडली... मीही."

"तुम्ही रागावला होतात."

"रागावले होते. तुमच्यावर थोडी, स्वतःवर जास्त. आणि सांगितलं नसतं, तर कायमची रागावले असते." ती टेबलाला वळसा घालून पुढे आली. "बिनरंगाच्या पाण्याचा एक वैताग आहे बघा. दारातून काही कळत नाही. कोण खुशीत, कोण उपाशी... एकेक डिश उचलून जवळून बघावी लागते."

ती आता अगदी समोर होती. तिने त्याच्या चेहऱ्याकडे नीट, सावकाश बघितलं.

"तीन आठवडे धड जेवला नाहीस ना?"

"खिडकीतून दिसलं?" त्याने कसंबसं विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "म्हणून तर आत आले."