करुणा, पुढे काय?

एव्हाना सगळ्या देशांचे बटवे एकाच नियमावलीवर चालत होते. बटवा म्हणजे माणसाची ओळख सांभाळणारी मनगटावरची पट्टी. पूर्वी वय सिद्ध करायला माणूस जन्मतारीख, पत्ता, बापाचं नाव, सगळंच समोरच्याच्या हातात देऊन मोकळा व्हायचा. बटवा फक्त 'अठरा पूर्ण? होय' एवढंच सांगे आणि उत्तर खरं असल्याची गणिती खूण सोबत देई. जास्तीचं काही हवं असेल, तर विचारणाऱ्याने कारण द्यायचं.

हा कारणाचा नियम डॉ. मृणालिनी खाडिलकरांचा. त्यापायी सत्कार इतके झाले, की शाली ठेवायला कपाट पुरेना.

नाशिकमधल्या त्यांच्या बंगल्याचा वरचा मजला पाहायला करुणा आली. सरकारी रुग्णालयात एक्स-रे काढणारी, नुकतीच बदली होऊन आलेली. मुलीची शाळा सोमवारी सुरू होणार आणि मायलेकी अजून लॉजवरच.

खाडिलकर बाईंनी तिच्या बटव्याला विचारलं. भाडं परवडेल? होय. आधीच्या घरमालकाची तक्रार? नाही.

"म्हणजे माझा पगार दिसला नाही तुम्हाला?" करुणाने विचारलं.

"छे. परवडतं एवढंच कळलं. बाकी सगळं झाकलेलं."

"बरंय हे."

बाई सुखावल्या. त्यांनी चहा टाकला. कप हातात देताना सवयीने म्हणाल्या, "करुणा... पुढे काय?"

करुणाने मनगट पुढे केलं. "बटव्यालाच विचारा की, मॅडम."

त्यांनी विचारलं. बटव्याने कारण मागितलं. त्यांनी 'सहज' लिहिलं.

'सहज हे कारण धरलं जात नाही.' हे वाक्य त्यांचंच होतं, बँका आणि कंपन्यांना वेसण घालायला लिहिलेलं. दुसरं कारण सुचेना. म्हणजे सुचत होतं, पण लिहिण्यासारखं नव्हतं. त्यांचे कान तापले. प्रश्न, कारण आणि नकार, तिन्ही करुणाच्या मनगटावरही उमटले होते. उत्तर झाकायची सोय करताना विचारणारा उघडा पडतो, हे बाईंच्या आज लक्षात आलं.

"राहू दे," करुणा म्हणाली. "मला कारण लागत नाही. सवय आहे." आणि तिने आडनाव सांगून टाकलं.

बाईंना स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. आणि ती वाटत असतानाच त्यांच्या तोंडून निघून गेलं, "ह्यांना विचारते आणि कळवते."

करुणाने चहा न पिता कप खाली ठेवला.

"कळवू नका," ती म्हणाली. "कळलं."