वहीतले सहा नियम

आई गेल्याच्या नवव्या दिवशी लेकीने गुंताला फोन केला.

“शेवटचे अकरा दिवस माझा फोन आईपर्यंत का पोचला नाही, तेवढं शोधून दे. बाकी काही नको.”

गुंता हे काही तिचं खरं नाव नव्हे. लोकांच्या वायरींचे गुंते सोडवता सोडवता ते चिकटलं. आणि हे काम तिला शिकवलं होतं त्याच घरातल्या आईने, म्हणजे तिच्या बाईंनी. नाही म्हणायचं तरी कोणत्या तोंडाने? अर्ध्या तासात ती दारात हजर.

जिन्याखालच्या खोलीत जुना संगणक आणि शेजारी काळी पेटी. पेटीत फायरवॉल, फुकट मिळणारी, कुणीही आतून उघडून बघावी अशी. बाईंनी स्वतः बसवलेली. घरात येणारा आणि बाहेर जाणारा प्रत्येक फोन, प्रत्येक निरोप या रखवालदाराला विचारूनच जायचा.

“फोन कशावर करायचीस?”

“तिच्या टॅबलेटवर, व्हिडिओने. तिला ऐकू कुठे येत होतं? ओठ वाचायची माझे.”

“मग?”

“वाजायचाच नाही. निरोपही जाईनात. बाबांना विचारलं, तर म्हणाले पेटी बिघडलीय, दुरुस्तीला माणूस बोलावलाय.”

गुंता थबकली. या पेटीला हात लावणारं माणूस एकच, ती स्वतः. तिला कुणीच बोलावलं नव्हतं.

“शनिवारी इकडे यायला निघणारच होते गं मी,” लेक म्हणाली आणि तिला रडू फुटलं. “मी विसरले असं वाटून गेली असेल का ती?”

गुंता पेटीकडे वळली. लाइन तपासली, चोख होती. पेटी ठणठणीत, चार महिन्यांत एकदाही बंद पडलेली नव्हती. मग तिने नियमांचं पान उघडलं. सात ओळी. दुसऱ्या ओळीपुढे बाईंची टीप: ‘लेकीचा फोन. कधीही अडवू नये.’ तारखेसकट. पहिल्या ओळीत तोच फोन अडवलेला, आणि टीप कोरी.

वरच्या मजल्यावर पलंगाशी एक वही होती. बाईंशी बोलायचं ते सगळे त्यात लिहायचे, बाईही त्यातच उत्तर लिहायच्या. गुंताने ती वाचली आणि बाबांना खाली बोलावलं.

“काका, हे पान शुक्रवारचं. बाईंनी लिहिलंय, ‘पोरीचा फोन नाही. खाली जाऊन सगळे नियम उतरवून आणा.’ खालची यादी कुणाची?”

“माझी.” नाकारणार कसं? जन्मभर नकाशे काढलेला हात, अक्षर छापल्यासारखं.

“किती नियम लिहिलेत?”

“सहा.”

“पडद्यावर सात आहेत.”

बाबा खुर्चीत बसले.

“पेटी नियम वरून खाली वाचते,” गुंता म्हणाली. “पहिला जुळला की पुढचे बघतच नाही. पहिला नियम बुधवारी घातलाय, याच संगणकावरून. दुसरीकडून हे पान उघडतच नाही. बाईंना जिना उतरवत नव्हता. आणि कारण लिहिल्याशिवाय नियम घातला, तर त्या आम्हाला फाडून खायच्या. तुम्ही त्यांच्याच नियमाची नक्कल केलीत, परवानगीच्या जागी बंदी केलीत, टीप पुसलीत. आणि यादी दुसऱ्या ओळीपासून उतरवलीत.”

“का बाबा?” लेकीने विचारलं.

“तुझा संसार मोडल्याचं ऐकून ती रात्र रात्र रडायची. डॉक्टर म्हणाले, हृदयाला झेपणार नाही. म्हटलं, चार दिवस बंद ठेवू, मग उघडू.” त्यांनी तोंड झाकून घेतलं. “चारचे अकरा झाले गं. रोज उद्यावर ढकललं मी.”

यादीखाली बाईंचं वाकडंतिकडं अक्षर होतं: ‘सगळं ठीक आहे. म्हणजे तीच करत नाही.’

लेकीने वाचलं आणि वही मिटली.

“थांब,” गुंता म्हणाली. “येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक फोनची नोंद ठेवायची खूण बाईंच्या नियमावर होती. नकलेवरही ती तशीच राहिली. हे बघ. हे बाहेरून आलेले, तुझे. आणि हे आतून केलेले.”

“आतून?”

“टॅबलेटवरून. बाई तुला लावत होत्या. सत्तावीस वेळा. ‘तीच करत नाही’ असं लिहिल्यानंतरही एकोणीस वेळा. शेवटचा त्या गेल्या त्याच दिवशी, दुपारी चार बावन्नला.”

“त्या वेळी मी औषध आणायला गेलो होतो,” बाबा पुटपुटले. “मला वाटलं, तिने नाद सोडला.”

“जुन्या नोंदी आपोआप पुसल्या जातात,” गुंता हळूच म्हणाली. “पहिल्या दिवसाच्या उद्यापर्यंत टिकतील.”

लेकीने डोळे पुसले. वहीचं कोरं पान उघडून बाबांपुढे ठेवलं, हातात पेन दिलं.

“उतरवा बाबा. सगळ्या नोंदी उतरवा. आणि या वेळी पहिल्या ओळीपासून.”