दिनसखा म्हणतो

साताऱ्याच्या जीवनगणित केंद्रात डॉ. शलाका घोरपडे सकाळपासून धुसफुसत होती. आपण घडवलेल्या यंत्रावर आपणच चिडायची वेळ कुठल्याही शास्त्रज्ञावर येऊ नये, पण तिच्यावर आली होती खरी.

यंत्राचं नाव दिनसखा. मनगटावर बांधायची पट्टी. नाडी, झोप, हालचाल मोजायची आणि माणसानं आता काय करावं ते सांगायची. जेवा, चाला, निजा, कुणाशी तरी बोला. पट्टी थरथरली की मनगट कानाला लावायचं. आवाज इतका बारीक, की शेजारच्याला ऐकू जायचा नाही. सल्ल्याची नोंदही कुठे राहायची नाही, कारण माणसाचं खासगीपण जपायचं हा शलाकाचाच हट्ट.

वर्षभरात सगळं शहर त्याच्या नादी लागलं. बैठकीतून उठायचं? दिनसखा म्हणतो. लग्नाला जायचं नाही? दिनसखा म्हणतो. ऐकून ऐकून शलाकाचे कान किटले.

“सर, आपण माणसांचे बैल करून टाकले,” ती संचालक पाटणकरांना म्हणाली. “यंत्र माणसाकडून शिकतं आणि माणूस यंत्राचं ऐकतो. मग यंत्र शिकतंय काय? स्वतःचंच बोलणं! पाहणीत जो तो सांगतो, मी दिनसखा म्हणेल तसंच वागतो.”

“अगं, तो फक्त सल्ला देतो. ऐकायचं की नाही ही ज्याची त्याची मर्जी.”

“मर्जी उरलीय कुठे? उद्या सल्ला गुपचूप बंद करते. लोक गोंधळले, तर कायमचा बंद.”

पाटणकरांनी चष्म्यावरून पाहिलं. “एवढी का पेटलीस?”

ते तिनं सांगितलं नाही. केंद्रातला संख्याशास्त्रज्ञ भार्गव महाडिक रोज दुपारी दोन कप चहा घेऊन तिच्या खोलीत यायचा. “दिनसखा म्हणतो, चहा एकट्यानं पिऊ नका,” म्हणत खुर्ची ओढायचा. शलाकाला तो आवडायचा. चांगलाच आवडायचा. पण हा माणूस आपणहून येतो, की आपलंच यंत्र त्याला धाडतं? या एका प्रश्नानं तिची झोप उडवली होती.

दुसऱ्या दिवशी पाटणकरांच्या नातीचं बारसं होतं. सगळं केंद्र जेवायला. शलाकानं सकाळीच शहरभरचा सल्ला बंद केला. पट्ट्यांवरची घड्याळं चालू, सखा मात्र मुका. ठाऊक फक्त तिला आणि पाटणकरांना.

पंगत बसली. शलाका एकेकाच्या मनगटाकडे बघत होती. आता माणसं बावचळणार!

पाटणकरकाकू जिलेब्यांचं ताट घेऊन आल्या. काकूंचा आग्रह म्हणजे पानावर आडवे हात धरले तरी बोटांच्या फटीतून वाढणार. “घ्या हो, एकानं काय होतंय? बाळाच्या नावानं!”

लेखापाल सावंतांनी मनगट कानाला लावलं आणि चेहरा पाडला. “वहिनी, माझी कुठे ना आहे? पण दिनसखा म्हणतो, बास.”

शलाकाचा घास हातातच राहिला.

पलीकडच्या बाई उठल्या. “अय्या, मला निघा म्हणतोय! नाहीतर आवराआवरीला थांबणारच होते मी.” तिसऱ्या गृहस्थांनी ताट पुढे केलं, तर बायकोनं डोळे वटारले. ते म्हणाले, “मी कुठे मागतोय? दिनसखा म्हणतोय, अजून दोन चालतील.”

शलाकाला हसू आवरेना. काय लबाड लोक आहेत! यंत्र यांना हाकत नव्हतंच. हेच यंत्राच्या खांद्यावर बंदूक ठेवून वर्षभर बार काढत होते. ज्याचा आवाज दुसऱ्याला ऐकू येत नाही, त्याच्या तोंडी काहीही घालता येतं, हे तिच्या गणितात आलंच नव्हतं.

“काय डॉक्टर, बैल कोण मग?” पाटणकरांनी हळूच विचारलं.

जेवणानंतर ती अंगणात आली, तर समोर भार्गव. हातात दोन कप. “दिनसखा म्हणतो, चहा एकट्यानं पिऊ नका.”

तिनं त्याच्याकडे बघितलं. आज तर सखा मुका होता! तिला इतका आनंद झाला, की कप घेताना चहा बशीत सांडला. तिनंही मनगट कानाला लावलं. “मला म्हणतोय, नुसत्या चहावर भागवू नकोस. संध्याकाळी यांच्याबरोबर अजिंक्यताऱ्यावर जा.”

“खरंच?” भार्गव उडालाच. “पण तुमचा चालू कसा? माझा तर सकाळपासून बंद...” त्यानं जीभ चावली.

शलाका खो खो हसली. “सापडलात! सगळ्यांचाच बंद आहे. मीच केलाय.”

भार्गव आधी ओशाळला. मग त्याच्या डोळ्यांत चमक आली. “अस्सं? मग तुम्हाला अजिंक्यताऱ्याचं कुणी सांगितलं?”

शलाका कानापर्यंत लाल झाली.

तेवढ्यात घरातून हाक आली. “अगं बाई, तुम्ही दोघं इथे होय? एकेक जिलेबी तरी घ्या!” काकू ताट घेऊन तरातरा येत होत्या.

दोघांनीही एकदमच मनगटं कानाला लावली.