लाल ते प्लस!

"हं... एक... दोन... लाव जोर!"

राजशेखर ओरडला आणि तिघांनी मिळून आप्पांच्या जुन्या हिरव्या मोटारीच्या पाठीला खांदे लावले. मोटार कुरकुरत हलली. आत स्टिअरिंगवर बसलेल्या गौरीशंकर काकांनी गिअर टाकला. फट्! फटाक्! फुस्स! मागच्या नळीतून काळ्या धुराचा लोट निघाला, तो थेट अर्पिताच्या तोंडावर!

"अगं बया! म्हैस झाली की माझी!"

"आधी काय होतीस?" राजशेखरनं विचारलं आणि पाठीत एक धपाटा खाल्ला.

शिवप्रियाला मात्र हसू आलं नाही. दर मे महिन्यात ती पुण्याहून उमरग्याला यायची ती या मोटारीसाठी. काचा खाली करून आजोबा, म्हणजे सगळ्यांचे आप्पा, पोरांना नळदुर्गच्या किल्ल्यावर न्यायचे. हायवेवरचे ट्रकवालेसुद्धा हॉर्न वाजवून सलाम ठोकायचे! काकांचा राजशेखर आणि शेजारची अर्पिता तर मागच्या सीटवर भांडत भांडतच मोठे झाले होते.

पण यंदा मोटारीला दृष्टच लागली. बसव जयंतीला काकूंनी नव्या बॅटरीची पूजा केली, काकांनी ती बसवली आणि तेव्हापासून रडगाणं सुरू. चालू व्हायची ती लंगडत. चढ आला की आचके देत मिसिंग मारायची आणि बॅटरी तर भरायचीच नाही. काकांनी प्लग बदलले. पॉइंट बदलले. बॅटरी भरणाऱ्या डायनामोचा पट्टा आवळून आवळून गिटारीच्या तारेसारखा केला. मेकॅनिक आले, चहा प्यायले, मान हलवून गेले.

"डायनामो मेला!" काकांनी हात झटकले. "ह्या मॉडेलचा आता कुठं मिळत न्हाय. म्या अमरसिंहला फोन केलाय. चार वाजता टेम्पो घिऊन येतोय. भंगारात द्यायची, विषय संपला!"

"काका, नको ना! आणखी एकदा बघू या."

"तू बघतीस? लाल ते प्लस, काळं ते मायनस, एवढं तरी ठाऊक हाय का तुला? हात लावायचा न्हाय कुणी!"

शिवप्रियानं आशेनं आप्पांकडं पाहिलं. लिंबाखाली बाजेवर आप्पा काळा चष्मा लावून बसले होते. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. वाकायचं नाही, धूळ नको, वजन नको. महिनाभर त्यांना मोटारीच्या जवळ फिरकूसुद्धा दिलं नव्हतं.

"आप्पा, तुम्ही तरी सांगा ना काकांना!"

"होगली बिडु, बाळा," आप्पा हळूच म्हणाले.

घरात कन्नड अशी मध्येच डोकावायची. होगली बिडु, म्हणजे जाऊ दे, सोडून दे. आप्पा कधी असं म्हणाल्याचं शिवप्रियाला आठवत नव्हतं. पण त्यांचा उजवा पाय काय करत होता ते तिला दिसलं. तो हळूहळू माती दाबत होता. अॅक्सिलेटर दाबावा तसा!

रडून काय होणार? ओरडून काय होणार? मोठी माणसं एकदा 'विषय संपला' म्हणाली की लहानांनी फक्त ताट उचलायचं आणि मोरीत ठेवायचं!

काका जेवायला आत गेले. शिवप्रिया गुपचूप मोटारीत जाऊन बसली. निरोप घ्यायला. स्टिअरिंगवर हात फिरवला. चावी तशीच होती. लहानपणी आप्पा तिला मांडीवर बसवून दिवे लावू द्यायचे. तसा तिनं दिव्यांचा खटका ओढला. दिवे मिणमिणले, आणि समोरच्या अँपिअरच्या मीटरमध्ये काटा टुणकन उजवीकडं गेला.

तिनं दिवे बंद केले. काटा मधोमध. पुन्हा लावले. पुन्हा उजवीकडं!

"राजू! अर्पिता! इकडं या, लवकर!"

"काय झालं? साप?"

"काटा बघ. आप्पांनी शिकवलंय, बॅटरी खर्च होत असली की काटा डावीकडं जातो. भरत असली की उजवीकडं. आता इंजिन बंद आहे, दिवे बॅटरी खातायत, आणि काटा म्हणतो बॅटरी भरतेय!"

"आयला!" राजशेखर म्हणाला. "म्हंजे धाब्यावर न जेवताच ढेकर!"

"मीटरच येडं झालं असंल," अर्पिता म्हणाली.

"किंवा मीटर शहाणं आहे, आणि बाकी सगळं उलटं आहे!"

तिघांनी बॉनेट उचललं. बॅटरी म्हणजे छोटं देऊळच झालं होतं! एका खुंटीवर कुंकवाचा हा थर, दुसरीवर विभूती. प्लस-मायनसच्या खुणा दोन्हींखाली गडप. कुंकवाच्या खुंटीवरचा क्लॅम्प ढिला होता, म्हणून त्यात खिळा ठोकलेला. विभूतीच्या खुंटीवरचा क्लॅम्प फाकवून फाकवून बसवलेला.

अर्पिता वाकली. "आमच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीला एक खुंटी जाड असती, एक बारीक. जाड ती प्लस. बाबा अंधारात हातानं वळखतात."

शिवप्रियानं दोन्ही खुंट्या चाचपल्या. कुंकवाची खुंटी होती बारीक!

राजशेखरनं कपाळावर हात मारला.

"लाल ते प्लस!" राजशेखर कुजबुजला. "बाबांनी आईचं कुंकू बघून वायर जोडली!"

"तू सांग त्यांना."

"म्या? मला उलटं टांगतील, प्लस-मायनस न बघता!"

शिवप्रिया आत धावली. "काका, बॅटरी उलटी जोडलीय!"

काकांचा घास हातातच राहिला. "वीस वरसं गाड्या हाकतोय म्या! आता तू शिकवणार? जा, खेळा जावा!"

झालं! आणि बाहेर हॉर्न वाजला. अमरसिंहचा टेम्पो फाटकात उभा! चार वाजायच्या आतच! अमरसिंहनं साखळी काढली आणि मोटारीच्या पुढच्या बंपरखाली घालायला सुरुवात केली. साखळीच्या आवाजानं आप्पांचा पाय थांबला.

शिवप्रियाचे डोळे भरून आले. खरं काय ते कळलंय, आणि ऐकणारं कुणी नाही! तिनं डोळे पुसले तर बोटाला कुंकू लागलेलं. ती बोटाकडं बघत राहिली. आणि मग ती स्वयंपाकघरात पळाली.

"काकू! एवढी जुनी लक्ष्मी घराबाहेर चाललीय, आणि पूजा न करताच?"

महादेवी काकूंच्या हातातला डाव खाली आला. "अय्यो! व्हय की गं!"

त्या ताट घेऊन तरातरा अंगणात आल्या. "थांबा वो अमरसिंह! पूजा झाल्याबिगर गाडी हलायची न्हाय!"

"अगं, त्याला उशीर होतोय," हात धुऊन बाहेर आलेले काका म्हणाले.

"हू द्या!"

काका बाजूला झाले. अमरसिंह तर साखळी सोडून लांब जाऊन उभा राहिला. काकू बॅटरीपाशी आल्या, तशी शिवप्रिया निरागसपणे म्हणाली, "काकू, शिळ्या कुंकवावर नवं कुंकू चालतं?"

"छे! आधी पुसून घ्यावं लागतं." आणि काकूंनी ओल्या फडक्यानं दोन्ही खुंट्या खसाखसा पुसल्या.

कुंकवाखालून ठसठशीत मायनस निघाला. विभूतीखालून प्लस.

काकांचं तोंड उघडं ते उघडंच.

"तू... तू मायनसला कुंकू लावलंस?"

"म्या काय प्लस-मायनस बघून पूजा करू?" काकू कडाडल्या. "जी खुंटी हाताला जवळ आली, तिला लावलं! तुम्हाला डोळे हायत का न्हाईत?"

"ऑपरेशन माझं झालं," बाजेवरून आवाज आला, "अन् दिसंना ह्याला!"

आप्पा उठून उभे राहिले होते. "गौऱ्या, वायरी बदल! बॅटरी उलटी लागली की कॉइलची ठिणगी दुबळी होती. मग मिसिंग मारंल न्हाय तर काय करंल? अन् डायनामो बॅटरी भरायची सोडून तिच्याशीच भांडत बसला!"

खिळा निघाला. वायरी बदलल्या. जाड क्लॅम्प जाड खुंटीवर अलगद बसला. आप्पांनी न वाकता, उभ्या उभ्या एकेक सांगितलं. काकांनी डायनामो आणि बॅटरी जोडणारी कट-आउटची डबी उघडून तिचे पॉइंट पॉलिश पेपरनं घासले. मग बॅटरीची एक वायर डायनामोच्या छोट्या टोकाला क्षणभर टेकवली. चिट्! ठिणगी उडाली.

"त्याला उलटी सवय लागली असंल, ती मोडली," आप्पा म्हणाले. "आता लावा धक्का!"

"एक... दोन... लाव जोर!"

या खेपेला साखळी टाकून अमरसिंहसुद्धा धक्क्याला लागला. फट्... आणि मग गुर्र्र्! एकसारखं, गोड, मांजरासारखं! काळा धूर नाही, लंगडणं नाही. शिवप्रियानं खिडकीतून मुंडी आत घातली. इंजिनाचा आवाज वाढला तसा काटा मधून सरकत सरकत उजवीकडं गेला आणि तिथंच थांबला.

"भरतेय! आप्पा, खरोखर भरतेय!"

काकांनी कान धरले, स्वतःचेच. "पोरांनो, चुकलो! एवढे मेकॅनिक हरले, तुम्ही जिंकलात!"

"ह्यांच्याच कपाळाला कुंकू लावते," काकू म्हणाल्या, "म्हंजे डोकं कुठल्या बाजूला हाय ते तरी कळंल!"

अमरसिंह हसत हसत म्हणाला, "आप्पा, न्यायची का मग गाडी?"

आप्पांनी मोटारीच्या टपावर तळवा ठेवला. तळव्याखाली सगळी मोटार थरथरत होती.

"बिडंगिल्ल!" ते गरजले.

"म्हंजे?" अर्पितानं विचारलं.

"म्हणजे सोडायची नाही!" शिवप्रिया ओरडली आणि सगळ्यांच्या आधी पुढच्या सीटवर जाऊन बसली.