पडबिंदू

साडेतीनला सराव सुरू झाला. चार वाजेपर्यंत मैदानावर एकही हाक ऐकू आली नव्हती.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत अमरावती संघाचा सराव रस्त्यापलीकडे ऐकू जाई. बेसबॉलमध्ये उंच चेंडू दोन खेळाडूंच्या मधोमध येऊ लागला की जो झेलणार त्याने "माझा, माझा!" असे ओरडायचे आणि दुसऱ्याने बाजूला व्हायचे. आता ती गरज उरली नव्हती. एक सोडून प्रत्येकाच्या मानेमागे, केसांच्या कडेला, कातडीच्या रंगाची बोटभर रुंद पट्टी चिकटवलेली होती.

"माझा!"

डाव्या बाजूचा जुनैद पठाण धावलाच नव्हता. त्याने नुसते मान वळवून पाहिले.

"भाऊ, ओरडता काहून? तुमचाच हाय तो. पट्टीनं मले हालू बी दिलं नाही."

"सवय आहे बे," प्रज्वल इंगोले म्हणाला आणि त्याने चेंडू परत फेकला. त्याची मान उघडी होती.

त्या पट्टीला दिशापट्टी म्हणत. मैदानाभोवतीचे चोवीस कॅमेरे, बॅटला चेंडू लागताच, तो जमिनीवर कुठे येणार ते काढत. त्या जागेचे नाव पडबिंदू. कोण धावणार तेही यंत्रच ठरवी आणि त्याच्या मानेवर ठोका देई. ठोका डावीकडे पडला की डावीकडे निघायचे, खाली पडला की मागे. सेकंदाच्या विसाव्या भागात सगळे आटपे.

प्रज्वल छत्तीस वर्षांचा होता. तेरा हंगाम तो मैदानाच्या मागच्या भागात, अगदी मध्यावर उभा राहिला होता. बॅटचा आवाज तिथपर्यंत पोहोचायला सेकंदाचा चौथा भाग लागतो. प्रज्वल त्याआधीच निघालेला असे. फलंदाजाची मागची कंबर कशी वळली, एवढे त्याला पुरे. त्याची फलंदाजी बेताची होती आणि फेकही साधारण. तेरा हंगामांची नोकरी त्याने पहिल्या पावलावर केली होती.

सराव संपल्यावर प्रशिक्षक बोंडे सरांनी त्याला बोलावले. खोलीत संघाची विश्लेषक शाल्मली देवही बसली होती.

"एक तारखेपासून पट्टी सगळ्यांले सक्तीची," बोंडे सर म्हणाले. "माह्या हातात काही नाही."

"मी त्या पट्टीच्या आधी निघतो, सर."

"निघत होतात," शाल्मली म्हणाली. तिने पडद्यावर दोन रेषा काढल्या. "यंदा तुम्ही तिच्या मागे आहात. थोडेच, पण मागे. आणि ही वरची रेषा कुणाची, ते तुम्हाला कुणी सांगितलंय का?"

"यंत्राची."

"तुमची. चौथ्या हंगामापासून आठव्यापर्यंतची. दुखापती टाळण्यासाठी म्हणून बुटांत संवेदक बसवले होते, आठवतं? तुम्ही सही केली होती. चेंडू कुठे पडेल ते कॅमेरे सांगतात. पण माणसाने निघायचं कसं, कुठला चेंडू सूर मारून घ्यायचा आणि कुठला सोडायचा, हे यंत्र तुमच्याकडून शिकलं. जुनैद तुमच्याच पायांनी धावतो."

"मग मला कशाला पाहिजे ती पट्टी?" प्रज्वलने विचारले.

"जागा पाहिजे असली तर पाहिजे," बोंडे सर म्हणाले.

एक तारखेला त्याने पट्टी लावली.

पहिला आठवडा त्याला ठोक्याची चीड येई. आपण निघतच असतो आणि मागून कुणीतरी ढकलते, असे वाटे. तिसऱ्या आठवड्यात चीड गेली. पाचव्यात त्याने फलंदाजाच्या कंबरेकडे पाहणे सोडले, आणि आपण ते सोडले हे त्याच्या ध्यानातही आले नाही. सलग एकवीस सामन्यांत त्याच्या हातून एकही चूक झाली नाही. वर्तमानपत्रांनी लिहिले, इंगोले पुन्हा तरुण झाला.

नाशिकच्या मैदानावर नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात अमरावती एका रनने पुढे होती. नाशिकचे तीनपैकी दोन गडी बाद झाले होते, दोन धावपटू रन पूर्ण करायच्या बेतात बेसवर होते. फलंदाजाने मारलेला चेंडू कमी उंचीवर प्रज्वलच्या समोर येऊ लागला.

अशा चेंडूचे काय करायचे ते छत्तीस वर्षांच्या खेळाडूला ठाऊक असते. टप्पा पडू द्यायचा, चेंडू छातीसमोर अडवायचा. एक रन जाते, बरोबरी होते, सामना चालू राहतो. पण मानेवर ठोका पडला: पुढे, आणि लगेच दुसरा, सूर मारण्याचा. अठ्ठाविसाव्या वर्षी प्रज्वलने असे चेंडू झेलले होते. यंत्राला तेच माहीत होते. त्याने सूर मारला. चेंडू ग्लोव्हच्या वीतभर पुढे आपटला आणि त्याच्या अंगावरून उडून कुंपणापर्यंत गेला. दोन्ही धावपटूंनी रन पूर्ण केले आणि अमरावती सामना हरली.

चौकशीच्या अहवालात दोन ओळी होत्या. सूचना योग्य. खेळाडू मंद.

"पट्टीला माझं वय सांगता आलं नसतं?" त्याने शाल्मलीला विचारले.

"आलं असतं. मग तिने तो चेंडू तुम्हाला दिलाच नसता. हळूहळू कुठलाच दिला नसता."

हंगाम संपायच्या आत संघाने त्याला मोकळे केले.

महिन्याभराने तैवानमधल्या एका लहान लीगचा निरोप आला. तिथे दिशापट्टीला बंदी होती. जुन्या पद्धतीने खेळणारा अनुभवी माणूस त्यांना हवा होता. उघड्या मानेने वीस झेल घेतानाचे चित्रण त्यांनी मागवले.

बोंडे सर स्वतः बॅट घेऊन आले. "दोन वर्षं सहज खेळशीन तिकडं," ते म्हणाले. "त्यायले तुह्यासारखाच पाहिजे." जुनैद कॅमेरा धरून उभा राहिला.

पहिला चेंडू वर गेला. प्रज्वल गुडघे वाकवून, नजर रोखून उभा होता. चेंडू त्याला स्पष्ट दिसत होता. तो निघाला तेव्हा उशीर झाला होता.

"होते पहिल्यांदा," सर म्हणाले.

दुसरा चेंडू त्याच्या डावीकडे पडला, तिसरा मागे. चौथा फार वेळ हवेत होता. जुनैदने कॅमेरा खाली केला आणि तो सवयीने स्वतःच चार पावले धावला.

"पाय दुखते का?" सरांनी लांबून विचारले.

"नाही, सर."

"चेंडू दिसत नाही?"

"दिसते. चांगला दिसते."

सरांनी पाचवा चेंडू उडवला, अगदी सोपा, सरळ त्याच्या डोक्यावर. प्रज्वलने वर पाहिले. मानेवर काहीच पडले नाही, आणि तो जागचा हलला नाही.

"निघ ना बे!" सर ओरडले. "कोणाची वाट पाहून राहिला?"